जपानमध्ये हंगाम सरताना स्कीला कुठे जावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की मला निरोप यायला लागतात. निम्मे टोकियो-योकोहामात नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींचे, निम्मे पुण्या-मुंबईहून सुट्टीत येणाऱ्यांचे. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. तारखा दरवर्षी पुढेमागे होतात. इथे दिलेल्या तारखा बऱ्या बर्फाच्या वर्षातल्या आहेत, तेव्हा निघण्याआधी त्या-त्या रिसॉर्टची सूचना बघाच.

उशिराचा हंगाम म्हणजे नक्की कधीपासून कधीपर्यंत?

मार्चच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. जपानी लोक याला 'हारू स्की' म्हणतात, हारू म्हणजे वसंत. छोटी रिसॉर्ट मार्चअखेर मिटतात, मोठ्यांपैकी बरीच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. जी उरतात ती 'गोल्डन वीक' गाठायचा प्रयत्न करतात. २९ एप्रिलची सुट्टी, मग ३, ४ आणि ५ मेच्या सुट्ट्या, असा तो काळ. तो संपला की बहुतेकांच्या लिफ्ट थांबतात. त्यानंतरही चालणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, त्या शेवटच्या प्रश्नात दिल्या आहेत.

टोकियोत साकुरा, म्हणजे चेरी, फुललेला असताना डोंगरावर खरंच बर्फ असतो?

असतो, आणि भरपूर असतो. याचं कारण आपल्याला चटकन कळेल असं आहे. हिवाळ्यात सायबेरियातून थंड, कोरडा वारा निघतो, जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि होन्शू बेटाच्या मधोमध उभ्या असलेल्या डोंगररांगेला अडतो. सगळा माल तो अलीकडच्या बाजूलाच रिकामा करतो. आपल्याकडे पावसाळ्यात घाटमाथा भिजतो आणि पलीकडचा प्रदेश कोरडा राहतो, तसंच. नीइगाता, नागानोचा उत्तर भाग, यामागाता, आओमोरी हे तिथले घाटमाथे, आणि टोकियो पर्जन्यछायेत. आओमोरीच्या हाक्कोदा डोंगरातल्या सुकायू ओन्सेनला (ओन्सेन म्हणजे गरम पाण्याची कुंडं) फेब्रुवारी २०१३मध्ये ५६६ सेंटीमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. एवढा थर महिना-दीड महिन्याच्या उन्हाने संपत नाही.

मग जागा निवडायची कशावरून?

एप्रिल लागला की नाव बघू नका, उंची बघा. एवढं पक्कं केलंत तर खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

आणि उंची म्हणजे शिखराची नव्हे. जाहिरातीत शिखराचा आकडा असतो. तुम्हाला हवा असतो वरच्या लिफ्टच्या पायथ्याचा. बर्फ खालून वर वितळत जातो, त्यामुळे एप्रिलमध्ये रिसॉर्टचा खालचा भाग म्हणजे गवत आणि चिखल, आणि स्कीइंग चालतं ते वरच्या दोन-चार लिफ्टवर. होन्शूत त्या लिफ्टचा पायथा १,३०० मीटरच्या आसपास किंवा वर असेल तर एप्रिलअखेरपर्यंत निभावतं, असा माझा ठोकताळा आहे. हजाराच्या खाली असेल तर मार्चनंतर जपून.

दुसरी गोष्ट लोक विचारतच नाहीत: खाली कसं यायचं? पायथ्यापर्यंत बर्फ नसला की स्की पायात घालून परतता येत नाही. जिथे गोंडोला किंवा रोपवे आहे, तिथे त्यात बसून उतरता येतं. जिथे नुसत्या खुर्चीच्या लिफ्ट आहेत, तिथे खालचा उतार उघडा पडला की पुष्कळदा सगळाच कारभार आटोपतो, वर मीटरभर बर्फ असला तरी.

नाएबा आणि कागुरा बघा. दोन्ही नीइगातात, शेजारी शेजारी, भर हंगामात ५,४८१ मीटर लांबीच्या ड्रॅगोंडोलाने जोडलेले. नाव मोठं नाएबाचं, हॉटेल मोठं नाएबाचं. पण नाएबा एप्रिलच्या तोंडाशी मिटतं आणि कागुरा बहुतेक वर्षी मेच्या उत्तरार्धापर्यंत चालतं. कागुराचे मुख्य उतार बरेच वर आहेत, लिफ्ट १,८४५ मीटरपर्यंत जाते, आणि पायथ्याशी रोपवे आहे. पायथ्याचा बर्फ गेला तरी त्यांचं अडत नाही.

तिसरी गोष्ट उताराच्या तोंडाची. उत्तरेकडे तोंड असलेला उतार आठवडा-दोन आठवडे जास्त टिकतो. दक्षिणेचा आधी फाटतो. नकाशावर एवढं बघायला मिनिटभर लागतं.

होक्काइदो की होन्शू?

मार्चअखेरपर्यंत होक्काइदो, एप्रिलपासून होन्शू. होक्काइदो उत्तरेला आहे म्हणून तिथे बर्फ जास्त दिवस टिकेल असं सगळ्यांना वाटतं, आणि ते अर्धंच खरं आहे. तिथले स्कीचे डोंगर बुटके आहेत. निसेको आन्नुपुरीचं शिखर १,३०८ मीटर, आणि पायथा तर दोन-तीनशे मीटरवर. थंडी आहे तोवर काही बिघडत नाही, पण एप्रिलमध्ये थंडी हटली की उंचीचा आधार राहत नाही. त्याउलट होन्शूत, नागानो प्रांतातल्या हाकुबाच्या हाप्पो-ओनेची वरची लिफ्ट १,८३१ मीटरला पोचते, शिगा कोगेनमधल्या योकोतेयामाची २,३०७ मीटरला. जपानमधल्या सगळ्यात उंच लिफ्टपैकी ती एक.

अपवाद आसाहिदाके. होक्काइदोचं हे सर्वोच्च शिखर २,२९१ मीटरचं, आणि रोपवे १,६०० मीटरपर्यंत नेतो. पण तिथे ठरावीक वाटांपलीकडे सगळा मोकळा डोंगर आहे. सराईत आणि सोबत वाटाड्या असलेल्यांनीच जावं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टी आहे. सगळ्यात चांगली निवड कोणती?

या आठवड्यात जवळपास सगळं उघडं असतं, म्हणून निवड सोपी आहे. पहिलंवहिलं स्कीइंग असेल तर शिगा कोगेन. सोबत गाव, गल्ल्या, गरम पाण्याची कुंडं हवी असतील तर नोझावा ओन्सेन. गावात १३ सार्वजनिक स्नानगृहं आहेत, गावकरीच ती सांभाळतात, आणि डोंगराचा माथा १,६५० मीटरला आहे. इईयामा स्टेशनवर शिनकानसेनमधून (बुलेट ट्रेनमधून) उतरलात की पंचवीसेक मिनिटांत बस पोचवते. होक्काइदो मनात असेल तर हीच शेवटची निर्धास्त वेळ. रुसुत्सू एप्रिलच्या सुरुवातीला मिटतं.

मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात. २० एप्रिलनंतर निघालो तर उशीर होतो का?

नाही, पण पर्याय कमी होतात. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, कारण आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी आणि जपानी हंगामाची अखेर एकमेकींना जेमतेम शिवतात.

कुटुंबासह असाल तर माझी पहिली पसंती शिगा कोगेनच्या वरच्या भागाला, म्हणजे योकोतेयामा, शिबुतोगे आणि कुमानोयू. अख्खा पठारी मुलूखच उंचावर असल्याने सोपे उतारही टिकलेले असतात. योकोतेयामाच्या माथ्यावर एक बेकरी आहे, जपानमधली सगळ्यात उंचावरची म्हणून तिची ख्याती आहे. मुलांना लिफ्टने वर जायला तेवढं कारण पुरतं. एप्रिलच्या उत्तरार्धात शिबु खिंडीतला २९२ क्रमांकाचा रस्ता उघडतो. २,१७२ मीटरवरून जाणारा हा जपानच्या राष्ट्रीय महामार्गांवरचा सर्वोच्च बिंदू, आणि तेव्हा दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या असतात.

घरातले सगळे बऱ्यापैकी स्की करणारे असतील तर हाप्पो-ओने किंवा कागुरा. हाकुबाजवळचं त्सुगाइकेही गोल्डन वीकपर्यंत चालतं. पण तिथलं पायथ्याचं प्रसिद्ध रुंद मैदान, ज्यासाठी लहान मुलांना नेतात, ते या दिवसांत गृहीत धरू नका.

आम्ही पहिल्यांदाच स्की करणार आहोत. वसंतात ऊन असतं, बर्फ मऊ असतो, मग तेच बरं ना?

मार्चमध्ये हो. एप्रिलच्या मध्यानंतर बहुतेक ठिकाणी नाही. नवशिक्यांचे उतार पायथ्याशी असतात आणि बर्फ पायथ्यापासूनच जातो. त्यामुळे हंगाम सरताना जे उरतं ते वरचं, चढं, मध्यम किंवा तरबेज लोकांचं. पहिल्याच दिवशी मुलाला घेऊन गोंडोलाने वर गेलात आणि समोर नुसते तीव्र उतार दिसले, तर रडू मुलालाही येतं आणि आईबापांनाही. आधीच्या उत्तरात शिगा कोगेनचं नाव घेतलं ते म्हणूनच. कुठेही जा, फोन करून किंवा ईमेलने एकच विचारा: या तारखांना नवशिक्यांचा उतार आणि स्की शाळा सुरू आहे का? बऱ्याच शाळा लिफ्टच्या आधी बंद होतात.

गुलमर्गला शिकलेल्यांसाठी: उंचीने दम लागण्याची भीती इथे नाही. गुलमर्गचा पायथाच साधारण २,६५० मीटरचा, म्हणजे योकोतेयामाच्या माथ्याहून वर.

पावडर मिळेल का?

पावडर म्हणजे नुकताच पडलेला हलका, कोरडा बर्फ. मार्चच्या मध्यानंतर तिच्या आशेवर तिकीट काढू नका. पडली तर आनंद माना. होक्काइदोत मार्चअखेर, क्वचित एप्रिलमध्येही एखादी चांगली रात्र येते, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती पावडर जड झालेली असते. या हंगामाचं खरं धन वेगळं आहे, ते पुढच्या उत्तरात.

'झारामे' म्हणतात ते काय? आणि दिवसभरात कोणत्या वेळी स्की करावं?

झारामे म्हणजे जाड दाण्याची साखर. दिवसा वितळायचं आणि रात्री गोठायचं असं पुन्हा पुन्हा झालं की बर्फाचे कण गोल आणि टपोरे होतात, त्यालाही जपानी लोक झारामेच म्हणतात.

सकाळी आठला पहिल्या लिफ्टने वर गेलात तर उतार काचेसारखा असतो. स्कीच्या कडा खर्र आवाज करतात, दातांपर्यंत थरथर पोचते, आणि आपण उगाच लवकर उठलो असं वाटतं. थांबा. लिफ्टजवळ चहा घ्या. नऊ-साडेनऊला ऊन उतारावर नीट पडलं की वरचा बोटभर थर सुटतो. हातमोजा काढून मूठभर उचला. दाणे एकमेकांना चिकटत नाहीत, पारदर्शक असतात, बाजरीसारखे बोटांमधून घरंगळतात. खाली घट्ट, वर हा मोकळा थर. स्की वळवताना लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरते. हे सुख दीड-दोन तासांचं, आणि मी ते कोणत्याही पावडरच्या बरोबरीने धरतो.

साडेअकराच्या पुढे थर खोल जातो आणि उताराची आसट खिचडी होते. स्की अडकते, गुडघा पिळला जातो. उशिराच्या हंगामात ओळखीतल्यांना झालेल्या दुखापती बहुतेक दुपारी एकनंतरच्या, 'आता शेवटची एक फेरी' म्हणताना झालेल्या आहेत. तेव्हा जेवायच्या सुमारास आटपा आणि कुंडात जाऊन बसा. ऊन जसं सरकतं तसं उतार बदलत जाणं हे यातलं कसब: सकाळी पूर्वेकडचा, मग दक्षिणेचा, शेवटी उत्तरेचा.

काही ठिकाणी कर्मचारी उतारावर पांढरे खडे फेकताना दिसतील. ते अमोनियम सल्फेट, आपण शेतात टाकतो तेच खत. पाण्यात विरघळताना ते उष्णता शोषतं, त्यामुळे वरचा थर घट्ट होतो.

१५ एप्रिलचं निसेको बुक करून बसलो आहे. रद्द करू का?

रद्द करू नका, अपेक्षा बदला. ग्रँड हिराफू बहुतेक वर्षी मेच्या सुरुवातीपर्यंत थोड्या लिफ्टवर चालतं. पण चारही रिसॉर्ट जोडून डोंगरभर फिरायचं चित्र तोवर संपलेलं असतं, गावातली बरीच उपाहारगृहं बंद असतात, आणि विमानतळावरून थेट येणाऱ्या हिवाळी बस थांबलेल्या असतात. ओतारूवरून कुत्चानपर्यंत रेल्वेने या, नाहीतर गाडी भाड्याने घ्या. समोर १,८९८ मीटरचा योतेई डोंगर मात्र या दिवसांत जितका स्वच्छ दिसतो तितका जानेवारीत आठवडाभर राहूनही दिसेलच असं नाही. तीन दिवस असतील तर एक दिवस किरोरो किंवा सप्पोरो कोकुसाईला द्या. दोन्ही साधारण गोल्डन वीकपर्यंत उघडी असतात.

टोकियोहून एका दिवसात जाऊन येता येईल?

येईल. मार्चअखेरपर्यंत सगळ्यात सोपं गाला युझावा. शिनकानसेनचं स्टेशनच स्की केंद्राच्या इमारतीत आहे, आणि ते फक्त स्कीच्या हंगामात उघडतं. एप्रिल आणि मेमध्ये कागुरा. टोकियोहून एचिगो-युझावापर्यंत सव्वा ते दीड तास, पुढे वीसेक मिनिटं बस, मग रोपवे आणि गोंडोला. शनिवार-रविवार रोपवेला रांग लागते, म्हणून पहिली गाडी पकडा. झारामेचे ते दीड-दोन तास हवे असतील तर दुसरा मार्गच नाही. तिसरा पर्याय तानिगावादाके तेंजिनदाइरा: गुन्मा प्रांतात, रोपवेने वर, जागा लहान आणि चढी.

साकुरा आणि स्की एकाच सहलीत जमेल का?

जमेल, आणि यासाठी माझं उत्तर एकच आहे: आओमोरी. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात हिरोसाकीच्या किल्ल्यात सुमारे २,६०० झाडं फुलतात. खंदकाचं पाणी पाकळ्यांनी झाकून जातं, गुलाबी सतरंजी अंथरल्यासारखं. त्याच दिवसांत हाक्कोदाच्या रोपवेवर स्कीइंग चालू असतं, आणि १ एप्रिलच्या सुमारास उघडणाऱ्या डोंगररस्त्यावर बर्फाच्या भिंतींमधून गाडी जाते. सकाळी हाक्कोदा, दुपारी सुकायूचं कुंड, दुसऱ्या दिवशी हिरोसाकी. एक सावधगिरी: हाक्कोदा म्हणजे आखीवरेखीव रिसॉर्ट नव्हे. धुकं उतरलं की वाट सापडत नाही, म्हणून वाटाड्या घ्या. फुलांची तारीखही हल्ली बरीच लवकर सरकते, तेव्हा मार्चमध्ये येणारे फुलोऱ्याचे अंदाज बघून मगच पक्कं करा.

आई-बाबा स्की करणार नाहीत. त्यांना कंटाळा येईल का?

तातेयामाला न्या. तिथला डोंगरमार्ग एप्रिलच्या मध्याला उघडतो. तोयामा किंवा नागानो, कुठल्याही बाजूने बस, केबल कार असं करत २,४५० मीटरवरच्या मुरोदोला पोचता येतं. खासगी गाडी चालत नाही. मुरोदोजवळ रस्ता कापून काढलेली बर्फाची भिंत काही वर्षी २० मीटरच्या घरात असते आणि तिच्या कडेने चालत जाता येतं. तिथे स्कीच्या लिफ्ट नाहीत. स्की करणाऱ्यांनी चढून जायचं आणि उतरायचं. चढून जाणारे एकीकडे, आई-बाबा भिंतीशी, आणि संध्याकाळी सगळे एकत्र.

यामागातातल्या झाओचे बर्फाचे राक्षस एप्रिलमध्ये दिसतात का?

नाही. झाडांवर गोठून तयार होणारे ते 'जुह्यो' जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत ऐन भरात असतात, मार्चमध्ये गळून जातात. झाओचं स्कीइंग मात्र मेच्या सुरुवातीपर्यंत चालतं.

बर्फ पिवळट दिसत होता आणि स्की मध्येच अडकत होती. असं का?

दोन कारणं एकत्र येतात. मार्च ते मे या काळात गोबीच्या वाळवंटातली धूळ वाऱ्याबरोबर जपानपर्यंत येते, तिला 'कोसा' म्हणतात. त्यात सुगी नावाच्या वृक्षाचे परागकण मिसळतात. ओल्या बर्फावर हा मळ बसला की स्कीचा तळ धरला जातो, आणि वेगात असताना अचानक ब्रेक लागल्यासारखं होऊन माणूस पुढे फेकला जातो. उपाय साधा: उबदार तापमानाचं मेण लावा आणि दुपारी पुन्हा लावा. दुकानात पुसून लावायचं मेण मिळतं, ते खिशात ठेवा. दम्याचा किंवा शिंकांचा त्रास असलेल्यांनी औषध बरोबर न्यावं. होक्काइदोत सुगीचा त्रास जवळपास नसतो, तिथे एप्रिलअखेरपासून भूर्जाचे परागकण सुरू होतात.

रिसॉर्टच्या संकेतस्थळावर 'सुरू' लिहिलं होतं, पोचलो तर एकच लिफ्ट चालू. हे आधी कसं ओळखायचं?

माझ्याही बाबतीत असं झालं आहे. एका एप्रिलमध्ये चार पाहुण्यांना घेऊन एका नावाजलेल्या रिसॉर्टच्या पायथ्याशी उतरलो. समोर करडं गवत, त्यात 'फुकिनोतो'चे हिरवे कोंब, आणि वर दूरवर पांढरी पट्टी. वाऱ्यामुळे गोंडोला बंद होता. दिवस गेला. संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी त्याच कोंबांची कडवट भजी पानात आली, तेवढाच दिलासा.

तेव्हापासून मी 'सुरू' या शब्दावर विसंबत नाही. एकूण किती उतारांपैकी किती उघडे आहेत ते बघतो. बर्फाची खोली कुठे मोजली आहे ते बघतो, कारण तो आकडा बहुधा माथ्याचा असतो. मधल्या स्टेशनचा थेट कॅमेरा सकाळी आणि दुपारी बघतो. उतरताना गोंडोला वापरावा लागणार का, हेही सूचनेत लिहिलेलं असतं. आणि वाऱ्याचा अंदाज: वसंतात जपानच्या समुद्रावर जोरदार वादळी पट्टे येतात, तेव्हा सगळ्यात आधी उंचावरच्या लिफ्ट थांबतात, आणि या हंगामात उघड्या असतात त्या नेमक्या त्याच. म्हणून मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा, एका दिवसावर सगळी मदार नको.

पाऊस लागला तर?

पायथ्याला पाऊस असला तरी १,८०० मीटरवर हिमवृष्टी असू शकते, म्हणून कॅमेरा बघितल्याशिवाय बेत मोडू नका. दिवसभर पाऊस आणि रात्री थंडी असेल तर दुसऱ्या सकाळी उतार लोखंडासारखा असतो. त्या दिवशी दहाच्या आधी निघूच नका.

कपडे आणि सामान काय घ्यायचं?

जाड जाकीट घरी ठेवा. पाणी न शिरणारं पातळ जाकीट आणि आत एक-दोन थर पुरतात. हातमोज्यांच्या दोन जोड्या न्या, एक जोड दुपारपर्यंत भिजतेच. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका, हनुवटीच्या आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा. बर्फावरून परतणारं ऊन खालून भाजतं, आणि डोळे उघडे राहिले तर रात्री ते इतके झोंबतात की झोप लागत नाही.

स्की आणि बूट भाड्याने मिळतात, पण बुटाचं माप सेंटीमीटरमध्ये सांगावं लागतं आणि २९-३०च्या पुढची मापं कमी असतात. मोठा पाय असेल तर आधी कळवा. स्वतःची स्की असेल तर 'ताक्क्युबिन' या घरपोच सामानसेवेने दोन दिवस आधी हॉटेलवर पाठवता येते. गाडी चालवणार असाल तर भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, आणि गाडी घेताना बर्फाचे टायर आहेत का ते एप्रिलमध्येही मुद्दाम विचारा.

आम्ही शाकाहारी आहोत. वर डोंगरात काय खायचं?

खरं सांगतो: अवघड आहे, पण उपाशी राहणार नाही. उदोन आणि सोबा या नूडल्सच्या रश्शात माशाचा अर्क असतो. भाज्यांची म्हणून मिळणारी जपानी करीही बहुधा प्राण्यांच्या चरबीच्या मसाल्यातली असते. निर्धोक म्हणजे मिठाचा किंवा उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेला भाताचा गोळा, साधा भात, बटाट्याचे तळलेले काप. सॅकमध्ये दशम्या किंवा ठेपले आणि मेतकूट ठेवा, गरम भातावर मेतकूट घातलं की दुपार निभते. पारंपरिक 'रयोकान'मध्ये राहणार असाल तर बुकिंगच्या वेळीच 'मासे नाहीत, माशाचा रस्साही नाही' असं स्पष्ट लिहा. पोचल्यावर सांगून उपयोग नसतो.

गोल्डन वीकमध्ये गर्दी किती असते?

गाड्यांमध्ये खूप, डोंगरावर जागेप्रमाणे. उघडी रिसॉर्ट मोजकी असल्यामुळे सगळे तिथेच लोटतात, कागुराला तर फारच. शिनकानसेनची जागा महिनाभर आधी सकाळी दहाला खुली होते, त्याच सकाळी घ्या. सुट्टीच्या मधले कामाचे दिवस, म्हणजे ३० एप्रिल ते २ मे, त्यातल्या त्यात मोकळे असतात.

एप्रिलमध्ये बर्फ घट्ट बसलेला असतो. म्हणजे हिमस्खलनाचा धोका नाही ना?

हा समज मनातून काढून टाका, कळकळीने सांगतो. वसंतात स्खलनाचा प्रकार बदलतो, धोका तसाच राहतो. वितळलेलं पाणी तळापर्यंत झिरपतं, जमिनीवरच्या गवतावर आणि बुटक्या बांबूवर अख्खा थर सैल होतो आणि जमिनीपासून सुटून घसरतो. आधी आडव्या भेगा दिसतात, थराला सुरकुत्या पडतात. अशा उताराखाली थांबून फोटो काढू नका, खाणं तर मुळीच नको.

आणि थंडीचा फटका मार्चअखेरही बसतो. २७ मार्च २०१७ला तोचिगी प्रांतातल्या नासूमध्ये गिर्यारोहणाच्या प्रशिक्षणाला आलेले सात विद्यार्थी आणि एक शिक्षक स्खलनात गेले. जुन्या कडक थरावर अवेळी पडलेला ताजा बर्फ घसरला होता.

म्हणून दोरी लावलेली असेल तिथे पलीकडे जायचं नाही, पुढे ठसे दिसत असले तरी. हद्दीबाहेर जायचं असेल तर वाटाड्या, बर्फाखालच्या माणसाचा माग लावणारं शोधयंत्र, फावडं, शोधकाठी आणि नोंदणीचा फॉर्म, हे सगळं हवं. शोधमोहिमेचा खर्च अंगावर येऊ शकतो आणि साध्या प्रवास विम्यात हद्दीबाहेरचं स्कीइंग अनेकदा वगळलेलं असतं. ते कलम विमा घेण्याआधी वाचा. होक्काइदोत याच दिवसांत तपकिरी अस्वलं गुहेतून बाहेर पडतात, हेही लक्षात असू द्या.

मेच्या मध्यानंतर, जून-जुलैत कुठे काही उरतं का?

मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत कागुरा, आणि चांगल्या वर्षी शिबुतोगे. चढून जाणाऱ्यांना तातेयामा. त्यानंतर एकच नाव: गास्सान.

यामागाता प्रांतातला हा १,९८४ मीटरचा डोंगर सगळ्यांच्या उलटा चालतो. हिवाळ्यात इथे इतका बर्फ असतो की रिसॉर्ट उघडतच नाही. रस्ता मोकळा करून एप्रिलच्या १० तारखेच्या सुमारास लिफ्ट सुरू होते आणि जुलैपर्यंत चालते. गाडीतळापासून लिफ्टपर्यंत स्की खांद्यावर टाकून चालावं लागतं, हॉटेलांची रांग नाही, उतार खडबडीत. नवशिक्यांनी जाऊ नये. एप्रिलमध्ये विस्तीर्ण पांढरं रान, जूनमध्ये बर्फाचे पट्टे आणि मध्ये हिरवळ.

गास्सान हा देवा सान्झान या तीन पवित्र डोंगरांपैकी एक. १ जुलैला यात्रेसाठी त्याचा माथा उघडतो. आपल्याकडे आषाढी वारीच्या आगेमागेचे दिवस. तेव्हा तिथे एका बाजूला पांढऱ्या वस्त्रातले, हातात काठी घेतलेले यात्रेकरू माथ्यावरच्या देवळाकडे चढत असतात, आणि दुसऱ्या बाजूला बर्फाच्या उरलेल्या पट्ट्यावर कुणीतरी टी-शर्ट घालून स्की करत असतं.